आज दिवसभर फुगाझी

सुट्टी होती, म्हणून कपड्यांच्या घड्या घालता घालता फुगाझीचे जुने लाइव्ह शो लावले. वॉशिंग्टन डीसीचा बँड. १९८७ ते २००२ या काळात गावोगाव हिंडून हजारावर कार्यक्रम केले. ना मॅनेजर, ना टी-शर्टची विक्री, तिकीट बहुतेक ठिकाणी पाच डॉलर. नाव झालं ते याच वणवणीतून.

पण खरी मजा दोन गाण्यांच्या मध्ये आहे! स्टेजपुढे कुणी धक्काबुक्की सुरू केली की बँडचा गायक इयन मकाय गाणं थांबवून त्याला अगदी अदबीने झापतो. तरी ऐकलं नाही, तर पाकिटात तयार ठेवलेले पाच डॉलर हातात देऊन थेट बाहेर. आपल्याकडच्या फुकट पासवाल्यांना काय परत करणार, देव जाणे.