अकरा एकांनी खाल्लेला पावसाळा

मी देवळालीचा. संख्यांचे खेळ शोधणारे गणिती कापरेकर सर १९६२ पर्यंत इथेच शाळेत शिकवत होते, त्यामुळे ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ या त्यांच्या डेम्लो संख्या लहानपणीच कानावरून गेलेल्या. यंदा पावसाळ्यात उलटा नाद लागला. नुसत्या एकांच्या संख्या फोडायच्या, आणि फोनला उत्तर विचारायचं नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. एकेका संध्याकाळचं काम.

अडलो अकरा एकांवर. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

पहिल्याच संध्याकाळी ४१ ने पूर्ण भाग गेला, २७१००२७१! खात्रीसाठी कागदावर गुणाकार केला तर एक दहाच भरले. कॅल्क्युलेटर दहा आकडी. अकरावा एक मुकाट गिळत होता. त्याचा राग अजून गेलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यावर असतो तो बारा आकडीच घ्या.

मग ओळीने मूळ संख्या. वर्गमूळ १०५४०९ च्या पुढे, आणि एक लाखाच्या आतच मूळ संख्या ९५९२! तीन आठवड्यांत जेमतेम २००० पर्यंत पोचलो. ३०३ भागाकार झाले, प्रत्येकात दशांशांची शेपटी. वहीचं पान उघडायची इच्छा उरली नव्हती. नाशिकरोडला आमचे निवृत्त गणिताचे सर राहतात, वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, ‘‘अरे, सरसकट कशाला भागतोस? भाजक p असेल तर १० च्या अकराव्या घाताला p ने भागून बाकी १ येणार. म्हणजे p - १ ला ११ ने भाग जायलाच हवा, आणि p विषम, म्हणून २२ ने.’’ भाजक २२ च्या पटीहून एकने जास्त, एवढीच गोष्ट! माझ्या ३०३ पैकी कामाचे भागाकार फक्त २६ होते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर? म्हणून मी सांगतोय. सात एकांनाही हे लागू आहे, तिथे १४: २३९ = १४ × १७ + १.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. भाजकाला ४० ने भागून बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ हीच येते. बाकीचे खोडून टाका, काम निम्मं होतं.

मी ते न खोडताच रोज रात्री दहा-पंधरा भागाकार करत गेलो. २२ × ९८४ + १, म्हणजे २१६४९ ला पडद्यावर ५१३२३९ आलं आणि पुढे दशांशचिन्हच नाही. या वेळी आधी कागद घेतला. २१६४९ × २३९ = ५१७४१११, मग १३ हजारांची ओळ, मग पाच लाखांची. बेरीज केली, एक बोटाने मोजले. अकरा. बायकोला झोपेतून उठवून दाखवले.

५१३२३९ आणखी फुटते का, हे बघायचं राहिलं होतं. तिचं वर्गमूळ ७१६ च्या आसपास, आणि २००० पर्यंतची एकही मूळ संख्या अकरा एकांना लागत नाही हे माझ्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं.