सिल्कीची पिल्लं : नर की मादी? माझा अनुभव

सिल्की या केसाळ पिसांच्या कोंबडीच्या पिल्लांची नर-मादी ओळखण्यासाठी डीएनए तपासणी करून घ्यायच्या विचारात असाल, तर नमुन्याचं पाकीट पाठवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. पाकिटावरचा छापील क्रमांक आणि पिल्लाच्या पायातल्या कडीचा रंग, दोन्ही एकाच फोटोत यायला हवेत. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

तपासणीची वेळ येते कारण सिल्कीवर नेहमीच्या खुणा चालत नाहीत. इतर कोंबड्यांत नराच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, टोकदार, चकचकीत होतात. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत गुंतणारे बारीक आकडेच नसतात, त्यामुळे सगळं अंग केसाळ दिसतं आणि ही खूण पुसट होते. पंखांची पिसं बघून सांगायची युक्ती ठरावीक संकरातल्या पिल्लांपुरतीच असते. एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२०च्या दशकात विकसित झाली. ती खरी आहे, पण तिला तयार हात लागतो आणि पिल्लू वाढू लागलं की ती वेळ निघून जाते. मग उरतं थांबणं. कोणी आरवेपर्यंत किंवा अंडं देईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि सिल्कीची तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी, अंड्यावर यायलाही बराच वेळ घेते. मला त्याआधी ठरवायचं होतं, कारण दोन-तीन नर एका खुराड्यात वाढले की माद्यांचे हाल होतात.

पिसं उपटणं, पाकिटात घालणं, पाठवणं, यात काहीच अडलं नाही. अडलं ते अहवालाशी. मी प्रत्येक पाकिटावर कडीचा रंग ठळक अक्षरांत लिहिला होता. अर्जातही लिहिला होता. अहवाल आला त्यात फक्त प्रयोगशाळेने स्वतः दिलेले अनुक्रमांक : पहिला मादी, दुसरा नर, तिसरा मादी, असं खालपर्यंत. रंगाचा पत्ता नाही, छापील क्रमांकाचाही नाही. म्हणजे पैसे भरून मला कळलं काय, तर पिल्लांत नरही आहेत आणि माद्याही! ते तर मला आधीच माहीत होतं.

फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, खुणा आम्ही नोंदवत नाही, नमुने पुन्हा पाठवा." पुन्हा म्हणजे पुन्हा पैसे, आणि त्या इवल्या जिवांची पिसं पुन्हा उपटायची. मी ठाम नाही म्हटलं. पाकीट उघडताना कुठे ना कुठे नोंद होतेच, ती वही बघा, एवढंच मागत राहिले. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. "पाकिटं टाकून दिली" असंही ऐकवलं गेलं. शेवटी मी पाकिटांचे फोटो पाठवले, छापील क्रमांक स्पष्ट दिसणारे, आणि लेखी उत्तर मागितलं. त्यानंतर मात्र नोंदवही लगेच सापडली. सुधारलेला अहवाल हातात आला तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी तो उभ्या उभ्या वाचला.

निळ्या कडीचा नर निघाला. मला त्याच्यावरच संशय होता. बाकीच्यांच्या डोक्यावरचा झुपका गोल, नीट बसलेला. याच्या झुपक्यातून दोन-तीन लांब, बारीक पिसं मागे झुकून सुटलेली. तुराही रुंद व्हायला लागला होता. माझी नजर बरोबर ठरली याचा मला आनंद आहेच. तरीही नुसत्या झुपक्यावर निर्णय घेऊ नका. एकाच खेपेची पिल्लं शेजारी शेजारी धरून बघा. वेगळ्या वयाच्या पिल्लांची तुलना फसवते. दाढीवाली सिल्की असेल तर चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या दाढीत झाकल्या जातात, बोटाने पिसं बाजूला सारून बघायचं. छाती पुढे काढून भिडणं तलंगाही करतात, त्यावरून काही ठरत नाही.

आणि हो, कड्या. सिल्कीच्या पायावर पिसं असतात, त्यात कडी दिसेनाशी होते आणि पाय जाड झाला की रुतते. अधूनमधून चाचपून सैल करत राहा.

जमिनीवर पडलेलं पीस पाठवू नका. छातीवरचं ताजं उपटलेलं, मुळासकट हवं, कारण तपासणीला लागणाऱ्या पेशी त्या मुळाशी असतात. पीस कोरडं असू द्या आणि कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते. पिसं फारच बारीक असतील तर पशुवैद्याकडून रक्ताचा एक थेंब घेऊन पाठवता येतो. पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला गाभा, असतं, त्यामुळे तेवढा थेंब पुरतो. अर्ज भरतानाच विचारून घ्या की अहवालात छापील क्रमांक येणार का, आणि "हो" हे उत्तर लेखी मागा.