बगळ्याचं पोट पुन्हा सुटलं

भंगारातून बगळ्याचं शिल्प करतोय, त्याची मान टिकली, पोट पडलं. सायकलच्या चेनची मान मागच्या नोंदीनंतर जराही हललेली नाही. रॉकेलमध्ये बुडवून ग्रीस काढलं, पूर्ण वाळवली, हवा तो बाक दिला आणि प्रत्येक पिनेवर वेल्डिंगचा बारीक टाका मारला. आता मागून पाहिलं तरी बगळाच! जस्त चढवलेली चेन मात्र घेऊ नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे टाका मारताना धूर सुटतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो.

आता पोट. त्यासाठी घेतलेला निळा कॅन पॉलिथिनचा आहे आणि पॉलिथिनला गोंदाचं वावडं. पॉलिश पेपरने घासून इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) लावलं, तर सुकल्यावर ते पापुद्र्यासारखं अख्खं निघून आलं. मग गॅस टॉर्चची ज्योत भराभर फिरवून घेतली. पाणी थेंब न होता पसरायला लागलं की पृष्ठभाग तयार झाला म्हणायचं. लगेच इपॉक्सी लावलं, पक्कं धरलं आणि मी खूश. दुपारी ऊन लागलं आणि पोट पायांच्या पोलादी पट्टीवरून टक्कन सुटलं. तापल्यावर पॉलिथिन पोलादाच्या साधारण दहापट फुगतं आणि मधलं इपॉक्सी कडक, ते कुणाचंच ऐकत नाही. डब्यावर ‘सर्व प्लास्टिकसाठी’ छापणाऱ्यांनी एकदा पॉलिथिन चिकटवून दाखवावंच. ग्लू गनबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून आता नट-बोल्ट. पट्टीत लांबट भोकं, म्हणजे कॅनला सरकायला जागा राहील. खाली रुंद वॉशर हवेत, नाहीतर प्लास्टिक दबून चिरतं. बोल्टची डोकी पुट्टीने झाकणार होतो, पण हे लिहितानाच वाटलं, का झाकायची? पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच दिसते आणि बैलही दिसतो, सगळी गंमत तिथेच आहे. मग साध्या वॉशरऐवजी स्टीलचे चपटे केलेले चमचे लावू! एकेका बोल्टवर एकेक चमचा, थोडा सैल. तीच पिसं, वाऱ्याने हलतीलही. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) लागतील, साधे हलून हलून सुटतात.

चोचीसाठी ठेवलेली कात्री त्यामुळे बाद. चमच्यांच्या पिसांपुढे ती फारच किरकोळ दिसेल. लांब तोंडाची पक्कड बसवतो, उघडमीटही होईल. पण तिचं वजन चेनच्या मानेला झेपेल का, ते आधी तारेने बांधून बघतो.