पुण्याच्या हवेत सिगार सांभाळताना

माझ्याकडे एका वेळी पंचवीसपेक्षा जास्त सिगार कधीच नसतात. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा, तोही गच्चीवर एकट्याने ओढणाऱ्याला तेवढे दीर्घकाळ पुरतात, आणि ते तितकाच काळ टिकवावेही लागतात. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर जुलै-ऑगस्टमधल्या सकाळी तीच ८५ च्या वर गेलेली असते. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्याहून कोरड्या हवेत वरचे पान तडकते आणि धूर तिखट, उष्ण लागतो. त्याहून दमट हवेत सिगार ओढला जात नाही, मध्येच विझतो आणि शेवटी त्यावर बुरशी धरते. तंबाखू आरोग्याला घातक आहे हे मी जाणतो, आणि कोणी ही सवय लावून घ्यावी यासाठी हा लेख लिहीत नाही. ज्यांच्याकडे थोडे सिगार आधीच आहेत आणि जे महागड्या पेटीवर खर्च करू इच्छित नाहीत, त्यांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे.

मराठीत याला चिरूट असा जुना शब्द आहे आणि तो मला आवडतो. त्याचे मूळ तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळलेली वस्तू. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात थेट विलायतेपर्यंत जात असत.

सुरुवातीला मी इतरांप्रमाणेच लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारसाठी आतली आर्द्रता राखणारी पेटी, घेतला. काचेच्या झाकणाची, आतून लाकडी अस्तर लावलेली स्वस्त पेटी होती. सोबतच्या कागदावर लिहिले होते की स्पंज डिस्टिल्ड वॉटरने भिजवून झाकणाला लावावा आणि सुकला की पुन्हा भिजवावा. मी जून महिन्यात ते निष्ठेने केले. तीन आठवड्यांनी सात सिगारांवर राखाडी-हिरवी, लोकरीसारखी बुरशी दिसली, आणि ओलाव्याने फुगलेले झाकण कडेला अडकू लागले. पुढच्या मार्चमध्ये तेच लाकूड आकसले, फट पडली आणि उरलेल्या सिगारांची पाने सोलवटली. त्या सूचना चुकीच्या नव्हत्या. हिवाळ्यात घरे तापवून हवा कोरडी करणाऱ्या थंड देशांसाठी त्या लिहिल्या होत्या. तिथे वर्षातला मोठा काळ पाणी घालावे लागते; आपल्याकडे चार महिने ते बाहेर ठेवावे लागते. सत्तर अंश फॅरनहाइट आणि सत्तर टक्के आर्द्रता हे जुने सूत्रसुद्धा तिथलेच आहे. सत्तर अंश म्हणजे आपले २१ अंश सेल्सिअस, आणि वातानुकूलन नसलेल्या पुण्यातल्या घरात ते डिसेंबर-जानेवारीखेरीज मिळणे कठीण.

पेटी टाकून मी काही दिवस कागदावर आकडेमोड केली आणि तिथे एक गोष्ट स्पष्ट झाली. २५ अंश तापमानाला ६५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण १५ ग्रॅम पाणी असते. पाच लिटरच्या डब्यातल्या हवेत, या हिशेबाने, एक ग्रॅमचा तेरावा भाग, म्हणजे जेमतेम दीड थेंब पाणी मावते. उलट मध्यम आकाराच्या एकाच सिगारच्या पानांत एक ग्रॅमहून अधिक पाणी मुरलेले असते. पंचवीस सिगारांचे मिळून पंचवीस ग्रॅमपेक्षा जास्त झाले. म्हणजे डब्यातली आर्द्रता मुख्यतः तंबाखूच सांभाळतो. हवा कोरडी झाली की तो किंचित पाणी सोडतो, दमट झाली की शोषून घेतो. झाकण दोन मिनिटे उघडले म्हणून आत काही बिघडत नाही, कारण गेलेला दीड थेंब काही तासांत भरून निघतो. बिघाड होतो तो महिनोन्‌महिने झिरपणाऱ्या फटीमुळे. आपल्याला विकत घ्यायची आहे ती पक्की बंद होणारी जागा, आणि ती भांड्यांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते.

चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणाला रबरी कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्यावा. तो नवाच असावा, कारण ज्यात एकदा मसाला किंवा लोणचे राहिले त्याचा वास कधीच पूर्ण जात नाही आणि तंबाखू तो ओढून घेतो. नव्या डब्यालाही प्लास्टिकचा वास असतो. कोमट पाण्याने धुऊन, खायचा सोडा पसरून दोन दिवस ठेवावा आणि नंतर आठवडाभर उघडा राहू द्यावा. आतून लाकूड हवेच असेल तर सिगार ज्या लाकडी खोक्यातून येतात त्याच्याच पातळ फळ्या तळाशी ठेवाव्यात. सुताराकडे ‘सीडर’ मागितले तर तो बहुधा देवदार देईल, आणि ते चालणार नाही. सिगारच्या पेट्यांचे स्पॅनिश सीडर हे नावापुरतेच सीडर आहे. ते झाड कडुनिंबाच्या कुळातले आहे. देवदार हा सूचिपर्णी वृक्ष असून त्याचा तेलकट, उग्र वास सिगारमध्ये कायमचा बसतो. आपल्याकडचे तून हे लाकूड मात्र स्पॅनिश सीडरचे जवळचे नातलग आहे आणि त्याच्याही सिगारपेट्या बनत आलेल्या आहेत.

डब्यात एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारे यंत्र, लागतो. स्वस्तातला चालतो, परंतु तो पाच-सात टक्क्यांनी चुकीचे दाखवतो असे धरूनच चालावे आणि घरच्या मिठाने तपासून घ्यावा. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडावे. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळू नये. टोपण आणि हायग्रोमीटर एका लहान हवाबंद डब्यात घालून रात्रभर, शक्यतो चोवीस तास ठेवावे. अशा ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, आणि खोलीचे तापमान २० असो की ३०, या आकड्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. यंत्राने ७० दाखवले तर ते पाच कमी दाखवते, एवढे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. हेच मीठ सिगारच्या डब्यात ठेवून काम भागेल का, असे मलाही वाटले होते. पण ७५ टक्के आपल्या उकाड्यात बुरशीला आमंत्रण आहे.

आर्द्रता दोन्ही दिशांनी सांभाळणारी पाकिटे मिळतात. त्यांच्या पातळ पडद्याआड क्षाराचे घट्ट संपृक्त द्रावण असते. पडद्यातून केवळ वाफ जाते-येते. मी ६५ टक्क्यांचे ६० ग्रॅमचे एक पाकीट वापरतो. ७२ चे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापमानाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो मला उशिरा कळला. एका मे महिन्यात तीन सिगारांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी साचलेली होती. आईला दाखवले. तिने भुकटी बोटावर घेतली, एक भोक उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाली, “अरे, हळकुंडाला लागतो तोच किडा हा.” तिचे निदान तंतोतंत बरोबर निघाले. लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने नावाचा हा दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा तंबाखू, हळद, सुंठ, धने आणि सुक्या मिरच्यांवर सारख्याच आवडीने जगतो. त्याची अंडी पानांबरोबरच येऊ शकतात आणि तिशीच्या आसपासचे तापमान त्याला सर्वांत मानवते, म्हणजे आपला उन्हाळा. त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक सिगार मी आधी गोठवतो. जाड झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करावा, एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस खालच्या कप्प्यात आणि त्यानंतर बाहेर ठेवावा. पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड पानांवर दव धरते. घाईने थेट बाहेर काढल्यास पान तडकते.

डबा घरातल्या सर्वांत गार आणि कमी बदलणाऱ्या जागी असावा. स्लॅबखालचा माळा, फ्रीजचा माथा आणि पश्चिमेची भिंत टाळावी. माझा डबा जमिनीलगतच्या कपाटात जुन्या गोधडीत गुंडाळलेला असतो. त्याने मेमधली उष्णता थांबत नाही, पण दुपार-रात्रीचा चढउतार सौम्य होतो. थर्माकोलची किंवा सहलीची शीतपेटी असेल तर अधिक चांगले. त्याच कपाटात कापूर, डांबरगोळ्या किंवा उदबत्त्या असू नयेत.

उरलेले काम स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचे. मी पाकीट डब्यात ठेवण्यापूर्वी तोलतो आणि तारीख-वजन वहीत लिहितो. वजन घटले तर डबा पाणी गमावत आहे, वाढले तर बाहेरचा दमटपणा आत येत आहे, आणि हे हायग्रोमीटरच्या आकड्याच्या कितीतरी आधी कळते. पाकीट कडक होऊ लागले की ते वाटीभर डिस्टिल्ड वॉटरसोबत, पाण्याला स्पर्श न होता, वेगळ्या बंद डब्यात ठेवून मूळ वजनावर आणता येते. हे पाणी बॅटरीच्या दुकानात स्वस्त मिळते. फक्त तिथेच तशाच कॅनमध्ये विकले जाणारे ॲसिड हाती येत नाही ना, हे लेबल वाचून पाहावे. गेल्या वर्षी मृग लागताना तोललेले पाकीट ऑगस्टअखेर चार ग्रॅमने जड भरले. झाकणाची रबरी कडा एका कोपऱ्यात चपटी झाली होती. त्याच मापाचा दुसरा डबा आणला. त्यातले पाकीट दिवाळीपासून आजवर अर्ध्या ग्रॅमनेही हललेले नाही.