दिवा लागतोय की!

“दिवा लागतोय की! मग एवढं घासताय कशाला?”

शेजारचे काका फाटकातूनच म्हणाले. सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरासमोर मी हजार नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर) ओला करून गाडीच्या हेडलाइटवर फिरवत होतो. बंपरवरून पिवळट, दुधासारखं पाणी ओघळत होतं.

ते पाणीच मी काकांना दाखवलं. आजकालच्या गाड्यांना तिथं काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. वरचा संरक्षक थर उन्हानं खराब होतो आणि पिवळेपणा चढत जातो. टूथपेस्टनं चकाकी येते, पण टिकत नाही. दोन हजार, तीन हजारचा आणखी बारीक पेपर, मग कंपाउंड म्हणजे पॉलिशची पेस्ट, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर, मारावाच लागतो. तो टाळला की काही महिन्यांत पुन्हा तेच. (आतून ओल धरली असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.)

पण काकांचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. दिवा लागतो, खरंय. उजेड कुठवर पोचतो?

गाळप हंगामात रात्री आष्ट्याच्या रस्त्यानं आलेल्यांना विचारा. पुढं उसाची ट्रॉली, मागं ना रिफ्लेक्टर ना लाल दिवा, ऊस बाहेर लोंबतोय. धुरकट दिव्याचा उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी इकडंतिकडं फाकतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. याची मला मनापासून भीती वाटते.

हंगाम तोंडावर आलाय. तुमच्या गाडीचा उजेड अंधारात कुठवर जातो, कधी बघितलाय?