'लर्निंग' कौशल्याचा उशिरा मांडलेला हिशेब

सांगलीच्या गावभागात आत्याच्या घरी मी आणि माझा आतेभाऊ एकाच संगणकावर आळीपाळीने 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा नायक आणि त्यांच्या फौजा लढवण्याचा १९९९ सालचा खेळ खेळत असू, तेव्हा मी माझ्या नायकाला पहिल्याच संधीला 'लर्निंग' हे कौशल्य देत असे. नायकाला मिळणाऱ्या अनुभवात, म्हणजे ज्या गुणांच्या बेरजेवर त्याची पातळी वाढते त्यांत, ते पहिल्या टप्प्यावर ५, दुसऱ्यावर १० आणि तिसऱ्यावर १५ टक्के भर घालते. हळदीच्या पेठेत वाढलेल्या मला टक्क्यांचा मोह पडला, यात नवल नाही. आतेभाऊ मात्र नकाशावर लांबचा पल्ला गाठून देणारे 'लॉजिस्टिक्स' आणि भूतत्त्वाच्या जादूचे 'अर्थ मॅजिक' घेई, आणि माझा नायक शिकत असतानाच माझ्या किल्ल्यावर येऊन धडके.

परवा कागदावर आकडे मांडले, तेव्हा माझी चूक कळली. १२व्या पातळीसाठी एकूण २०,६०० अनुभव लागतो आणि १३व्या पातळीसाठी २४,३२०. त्यानंतरची प्रत्येक मजल आधीच्या मजलेपेक्षा २० टक्क्यांनी लांब असते. २०,६०० मध्ये १५ टक्के मिळवले तर २३,६९० होतात, म्हणजे हे कौशल्य अगदी आरंभापासून तिसऱ्या टप्प्यावर होते असे धरले, तरीही नायक १२व्या पातळीवरच राहतो. फार तर पुढेमागे एखादी पातळी पदरात पडेल. पण तिच्यापायी तीन बढत्या (दर बढतीला एका कौशल्याचा एकच टप्पा मिळतो) आणि कौशल्यांच्या आठ जागांपैकी एक जागा कायमची खर्ची पडते. मी इतकी वर्षे व्याजापेक्षा जास्त मुद्दल घालवत होतो.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' या दुसऱ्या खेळातील सैनिकांचा 'इंटेलिजंट' हा गुण मला अधिक न्याय्य वाटतो. त्याने बढतीसाठी २० टक्के कमी अनुभव पुरतो, आणि तेथे पातळ्या मोजक्याच असून बढती मिळताच सैनिक पूर्ण बरा होत असल्यामुळे एक वार आधी मिळालेली बढती त्याचा जीव वाचवू शकते. 'फायर एम्ब्लेम' या खेळमालिकेत प्रत्येक पातळीला अनुभवाचे सरसकट १०० गुणच लागतात, म्हणून अनुभव दुप्पट करणारे 'पॅरागॉन' हे कौशल्य तेथे खरोखर मोलाचे ठरते.

'हीरोज'मध्ये आता मी 'लर्निंग'च्या वाटेला जात नाही. तरीही नकाशावरच्या, कौशल्य शिकवणाऱ्या चेटकिणीच्या झोपडीत ते कधी गळ्यात पडतेच, कारण तेथे एकदा पाऊल ठेवले की मिळेल ती विद्या नाकारण्याची सोय नसते.