अंतर ३८० किलोमीटर, मग सव्वा तास कसा?

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे विमान बदलताना तिला धावपळ करायला लावायची नाही, हे पक्कं होतं. पहिला टप्पा दोन छोट्या विमानतळांमधला. निघायची वेळ सकाळी ७:१०, आणि पुढचं विमान ९ वाजता. तिकिटावर या टप्प्याला १ तास २० मिनिटं दाखवली होती. एका वेबसाइटवर मात्र तेच ४५ मिनिटं. खरं कुठलं, हे बुकिंग करण्याआधी मला कळायलाच हवं होतं.

म्हणून आधी अंतर स्वतः काढायला बसले. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली आणि सूत्रात आकडे भरले. उत्तर चुकत होतं. तासभर डोकं धरून बसल्यावर सापडलं: २१ अंश ३० मिनिटं मी २१.३० असं लिहिलं होतं. अंशाची मिनिटं साठ असतात, म्हणजे ते २१.५० हवं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. माझा ०.२० अंश, म्हणजे बारा मिनिटं हुकली होती; विमानतळच २२ किलोमीटर सरकला होता! चूक सुधारल्यावर अंतर आलं ३८०.

या मार्गावर एटीआर ७२ जातं. पंख्याचं विमान, वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास. ३८० भागिले ५१० केलं की जवळपास ४५ मिनिटं येतात. वेबसाइटने एवढंच केलं होतं. पण तो वेग वर पोहोचल्यावरचा. चढताना आणि उतरताना विमान बरंच हळू असतं, आणि नकाशावरच्या सरळ रेषेत ते सहसा जात नाही. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते, नुसती हवेतली नव्हे. हे समजल्यावर मी ९ चं विमान सोडून त्यानंतरचं घेतलं. माझ्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

प्रवासाच्या दिवशी वही मांडीवर ठेवली. ७:१० ला विमान हललं. तिथे धावपट्टीला समांतर वेगळा रस्ता नव्हता, म्हणून विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत गेलं, तिथे गर्रकन वळलं आणि मग धावलं. चाकं उचलली ७:१९ ला. धावपट्टीच्या सुरुवातीला ०९ रंगवलेलं होतं, म्हणजे तोंड ९० अंशांकडे, पूर्वेला. आम्हाला जायचं होतं पश्चिमेला! उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करतात, म्हणून आधी उलट्या दिशेला जाऊन मग मोठा वळसा. खिडकीतून तेच शेत दोनदा दिसलं, आईनेच दाखवलं मला.

८:१६ ला चाकं टेकली, ८:२२ ला थांबलो. हवेत ५७ मिनिटं, एकूण ७२. तिकिटावरच्या वेळेपेक्षा आठ मिनिटं आधीच. तरी सामान येईपर्यंत पावणेनऊ झाले, आणि ९ च्या विमानाचं गेट तोवर बंद झालं होतं. आई मात्र खुर्चीत पाय पसरून निवांत बसली होती.

परतीला वारा समोरून होता. हवेत ६४ मिनिटं लागली.